सायकलचे हेल्मेट डोक्यावर बसवायचे कसे: माप, पट्टे, केस आणि गोव्याचा पावसाळा

रविवारी सकाळी रायबंदरच्या फेरीधक्क्यावर चोडणला निघालेल्या सायकलवाल्यांची डोकी जरा न्याहाळा. हेल्मेट बहुतेकांकडे असते. पण एकाचे मागे सरकून अख्खे कपाळ उघडे पडलेले, दुसऱ्याचा पट्टा गळ्याशी लोंबतोय, तिसऱ्याने पुढची बाजू मागे करून घातलेय आणि त्याला कुणी सांगितलेही नाही. सायकल लाखाची, हेल्मेट काही हजारांचे, आणि ते डोक्यावर नुसते ठेवलेले.

दुकानात हेल्मेट खोक्यातून काढून हातात देतात. आपण ते घालतो, हनुवटीखालचा पट्टा आवळतो, आरशात बघतो आणि पैसे देतो. हनुवटीचा पट्टा खरे तर सगळ्यांत शेवटी आवळायचा असतो. आधी माप, मग आकार, मग डोक्यावरची जागा, मग मागची डायल, म्हणजे हेल्मेट आतून घट्ट-सैल करणारी चकती, मग कानांजवळचे पट्टे आणि त्यानंतर हनुवटी. हा क्रम मोडला की सैल हेल्मेटही घट्ट वाटू लागते आणि काम झाले अशी आपली समजूत होते. नीट बसवायला पहिल्यांदा अर्धा तास द्या. पुढे रोज निघताना अर्धे मिनिट पुरते.

आत असते काय

वरचे रंगीत कवच पातळ प्लास्टिकचे, बहुधा पॉलिकार्बोनेटचे. खरे काम करतो तो आतला जाड फोम. त्याला ईपीएस म्हणतात, म्हणजे आपल्या ओळखीचा थर्माकोलच, पण टीव्हीच्या खोक्यातल्यापेक्षा बराच घट्ट दाबलेला. आपटल्यावर तो चिरडतो. चिरडायला जे काही हजारांश सेकंद लागतात तेवढ्या वेळात डोक्याचा वेग उतरतो आणि मेंदूला बसणारा झटका कमी होतो. माडावरून पडलेला नारळ सोडणामुळे फुटत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की सोडण नारळाला जन्मापासून चिकटलेले असते, हेल्मेट आपल्याला रोज चिकटवावे लागते.

युरोपातल्या ईएन १०७८ या मानकानुसार हेल्मेट नकली डोक्यावर बांधतात आणि सपाट पोलादावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. आतल्या डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहिला तर हेल्मेट पास. अमेरिकेच्या सीपीएससी या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मानकात ते २ मीटर उंचीवरून सोडतात आणि मर्यादा ३०० पटींची आहे. सेकंदाला ५.४२ मीटर म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. हा आकडा ऐकून काही जण म्हणतात, मी तर उतारावर चाळीसने जातो, मग याचा उपयोग काय? उपयोग आहे. साधे घसरून पडताना डोके जमिनीवर ज्या वेगाने आपटते तो मुख्यतः डोक्याच्या उंचीवर ठरतो, आणि दीड मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग साधारण तेवढाच होतो. ट्रकने ठोकरले तर गोष्ट वेगळी. तिथे कुठलेच सायकलचे हेल्मेट हमी देत नाही.

या चाचण्यांत आणखी एक प्रकार असतो. हेल्मेटच्या कडेला हूक अडकवतात, वजनाचा झटका देतात आणि ते डोक्यावरून ओढून निघते का ते बघतात. प्रयोगशाळेतल्या त्या डोक्यावर हेल्मेट नेमक्या जागी, पट्टे बांधूनच बसवलेले असते. लेबलावरची मान्यता तशा बसवलेल्या हेल्मेटची आहे. कपाळावरून चार बोटे मागे सरकलेल्या हेल्मेटची चाचणी कुणी घेतलेली नाही.

डोक्याचे माप

शिवणकामाचा टेप घ्या. नसेल तर न ताणणारी दोरी आणि शाळेची पट्टी चालेल. टेप भुवयांच्या वर सुमारे अडीच सेंटीमीटरवर ठेवा, दोन्ही कानांच्या वरून न्या आणि डोक्याच्या मागे जो सर्वांत फुगीर भाग असतो त्यावरून फिरवून पुढे आणा. टेप मागे खाली घसरतो, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. दोन-तीनदा मोजा आणि सर्वांत मोठे माप धरा. केस सायकल चालवताना जसे बांधता तसेच बांधून मोजायचे. घामासाठी आत पातळ टोपी किंवा रुमाल घालायची सवय असेल तर तोही घालून.

मापे सेंटीमीटरमध्येच बघा. एका कंपनीचे एम ५४ ते ५८ असते, दुसरीचे ५५ ते ५९. ‘मला एम लागतो’ ही माहिती टी-शर्टपुरती ठीक. तुमचे माप दोन आकारांच्या सीमेवर असेल तर दोन्ही घालून बघा आणि डायल कुठे थांबते ते पाहा. मोठ्या आकारात डायल शेवटपर्यंत आवळावी लागत असेल तर कवच तुमच्यासाठी मोठे आहे. लहान आकारात डायल पूर्ण उघडूनही कपाळ दाबले जात असेल तर ते लहान. डायल अधल्यामधल्या जागी थांबली की माप जमले.

गोव्यात सायकलची मोठी दुकाने पणजी, म्हापसा, मडगाव या बाजूला. पेडणे, सत्तरी किंवा केपेच्या आतल्या गावांतले लोक ऑनलाइन मागवतात. मागवायला हरकत नाही, पण परत करता येते का ते आधी वाचा आणि हेल्मेट आल्यावर त्याचे स्टिकर, पिशव्या फाडण्यापूर्वी पुढच्या पायऱ्या घरात करून बघा.

आकार: जो डायलने बदलत नाही

माप बरोबर येऊनही हेल्मेट टोचते, असे का? कारण डोकी गोल किंवा लांबट असतात. वरून पाहिले तर कुणाचे डोके जवळपास गोल, तर कुणाचे पुढून मागे लांब आणि बाजूंनी अरुंद. हेल्मेटचेही तसेच.

डायल पूर्ण सैल करून हेल्मेट घाला. कपाळावर आणि मागे दाब येतोय, पण कानशिलांपाशी बोट सहज आत जातेय? मग डोके लांबट आणि हेल्मेट गोल. उलट कानशिले दाबली जाताहेत आणि पुढे-मागे मोकळे? मग हेल्मेट तुमच्यासाठी अरुंद आहे. खोक्यात जाड-पातळ पॅडचा दुसरा संच येत असेल तर थोडीफार पोकळी त्याने भरता येते. त्यापेक्षा जास्त फरक असला तर दुसरे मॉडेल बघा. टोचणाऱ्या जागेचा थर्माकोल ब्लेडने खरवडणारे हुशार लोक आहेत. जिथे खरवडला तिथेच डोके आपटले तर चिरडायला काही उरत नाही, म्हणून हा उद्योग करू नका.

आतले लेबलही याच वेळी बघून घ्या. ईएन १०७८, सीपीएससी किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे २०६३, यांपैकी काही तरी हवे. आयएस ४१५१ हे आपले भारतीय मानक मोटारसायकल-स्कूटरवाल्यांच्या हेल्मेटसाठी आहे. घरात स्कूटरचे हेल्मेट पडलेय म्हणून तेच घालून सायकल मारणारे दिसतात. ते मजबूत असते यात वाद नाही, पण एप्रिलमधल्या गोव्याच्या दमट दुपारी चढावर ते कुणी डोक्यावर ठेवणार नाही. पहिल्या चढालाच हँडलला लटकते. पिवळा ठिपका असलेला मिप्सचा थर आत असेल तर चांगलेच. डोके तिरके आपटले की तो थर हेल्मेटला किंचित फिरू देतो आणि मेंदूला बसणारा पीळ कमी करतो. मात्र मिप्सचे सैल हेल्मेट आणि साधे पण मापात बसलेले हेल्मेट यांतून निवडायचे झाले तर मी दुसरे घेईन.

डोक्यावरची जागा

आता आरशासमोर उभे राहा. हेल्मेट सपाट बसले पाहिजे, पुढेही झुकलेले नको आणि मागेही नको. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर. मान न हलवता डोळे वर केले की कड दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे आहे. बाजूने कुणाकडून मोबाइलवर फोटो काढून घ्या. आरशात समोरून जे कळत नाही ते फोटोत लगेच दिसते.

मागे ढकललेले हेल्मेट हा आपल्याकडचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. वारा लागतो, कपाळाला घाम येत नाही आणि फोटोत चेहरा नीट येतो, म्हणून लोक तसे घालतात. पण सायकलवरून पडणारा माणूस पुष्कळदा पुढे फेकला जातो. पुढचा ब्रेक एकदम दाबला, चाक खड्ड्यात अडकले किंवा कुत्रे आडवे आले की कपाळ आणि कानशीलच आधी जमिनीला लागते. नेमका तोच भाग उघडा ठेवायचा आणि मागे फोम घेऊन हिंडायचे, याला काय म्हणावे!

मागची डायल आणि पाळणा

आतल्या बाजूला प्लास्टिकचा जो पट्टा डोके मागून धरतो त्याला मी पाळणा म्हणतो. डोक्यामागे हात फिरवा. फुगीर हाड संपून मानेकडे खोलगट होते ती जागा सापडेल. पाळण्याने त्या फुगीर भागाच्या खाली टेकले पाहिजे. पुष्कळ हेल्मेटमध्ये पाळण्याची उंची बदलता येते. आत दोन-तीन खाचा असतात आणि पाळण्याची टोके एका खाचेतून काढून दुसरीत दाबून बसवता येतात. ही सोय आहे हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पाळणा फार वर राहिला तर डायल कितीही फिरवा, हेल्मेट वरच्या दिशेने निसटत राहते.

उंची ठरली की डायल पूर्ण सैल करा, हेल्मेट सपाट बसवा आणि एक हात वर ठेवून दुसऱ्याने डायल हळूहळू आवळा. सगळीकडून सारखा दाब जाणवला की थांबा. हनुवटीचा पट्टा अजून उघडाच असू द्या. कमरेतून पुढे वाका आणि डोके हलकेच डावी-उजवीकडे हलवा. हेल्मेट पडता कामा नये. मग दोन्ही हातांनी ते बाजूला फिरवून बघा. कपाळाची कातडी आणि भुवया त्याच्याबरोबर सरकायला हव्यात. हेल्मेट कातडीवरून घसरत असेल तर डायल आणखी दोन टिक आवळा. तरीही घसरले तर आकाराच्या पायरीवर परत जा. ज्यांना इथपर्यंत जमत नाही ते पुढे हनुवटीचा पट्टा गळ्यात रुतेपर्यंत ओढतात, आणि खाली कितीही ओढले तरी वरचे हेल्मेट डोलायचे ते डोलतेच.

कानांजवळचे पट्टे

सर्वांत कंटाळवाणी पायरी हीच आणि लोक सर्वाधिक टाळतात तीही हीच. प्रत्येक बाजूला दोन पट्टे खाली येतात, एक कानाच्या पुढून आणि एक मागून. दोन्ही जिथे मिळतात तिथे प्लास्टिकची छोटी क्लिप असते. ती क्लिप कानाच्या पाळीखाली, जवळपास बोटभर अंतरावर यायला हवी. पुढचा पट्टा साधारण उभा आणि मागचा तिरका, मधे कान मोकळा. पट्टा कानावरून जात असेल तर क्लिप चुकीच्या जागी आहे.

क्लिपचा खटका उघडा, ती वर-खाली करा, पुढच्या आणि मागच्या पट्ट्याची लांबी जुळवा आणि खटका परत दाबा. काही हेल्मेटमध्ये खटका नसतो. तिथे पट्टा क्लिपमधून थोडा थोडा ढकलावा लागतो. नखे तुटतात, पण एकदाच.

डावी-उजवीकडे क्लिप एकाच उंचीवर येत नसेल तर मागे बघा. मागचे दोन पट्टे पुष्कळदा एकच सलग पट्टा असतो, हेल्मेटच्या मागच्या भोकातून ओवलेला. तो एका बाजूला जास्त सरकलेला असतो. मागूनच हळूहळू ओढून मध्यावर आणा. पीळ पडला असेल तर सोडवा; पिळलेला पट्टा कातडी सोलतो आणि झटका बसला की कापतो.

हनुवटी, शेवटी

आता बक्कल लावा. पट्टा हनुवटीच्या टोकावर न येता तिच्या मागे, गळ्याच्या वरच्या वळणाला लागून बसावा. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये एक बोट आरामात, फार तर दोन. मग तोंड मोठे उघडून जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखे जाणवले पाहिजे. काहीच जाणवले नाही तर पट्टा सैल आहे. गिळताना किंवा बोलताना त्रास होत असेल तर जास्त आवळलाय. पट्ट्याचे उरलेले टोक रबरी कड्यात घाला, नाहीतर वाऱ्याने गालावर फटके बसतात.

बक्कल लावली नसेल तर हेल्मेटला अर्थ नाही, हे त्रायथलॉनवाले, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी शर्यत करणारे, चांगले जाणतात. पणजीत मिरामारला २०१९ पासून जी आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा भरली, तिच्यात पोहून आल्यावर ९० किलोमीटर सायकल असते. सायकल स्टँडवरून उचलण्याआधी बक्कल लावलेली हवी, असा तिथला नियम. व्यावसायिक शर्यतींत तर २००३ मध्ये आंद्रेई किव्हिलेव हा कझाक सायकलपटू पॅरिस-नीस शर्यतीत पडून मरण पावला, त्यानंतर सायकलिंगच्या जागतिक संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दुचाकी मोटारींपुरते आहे. सायकलवाल्याला पोलीस अडवत नाही, तेव्हा बक्कल आपली आपणच तपासायची.

दोन धक्के द्या

सगळे बसले असे वाटले की दोन चाचण्या उरतात. पुढच्या कडेखाली तळहात लावून हेल्मेट वर आणि मागे ढकला. अडीच सेंटीमीटरहून जास्त सरकून कपाळ उघडे पडले तर कानापुढचा पट्टा आखूड करा. गरज पडली तर कानामागचा थोडा सोडा. मग मागच्या कडेला धरून ते वर उचलून पुढे ढकला. डोळ्यांवर आले तर कानामागचा पट्टा आवळा. एक बदलला की दुसरा बिघडतो, त्यामुळे दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. वैताग येतो, पण पट्ट्यांचा ताळमेळ याच दोन धक्क्यांतून जमतो.

मग सायकलवर बसा, भिंतीला हात टेकून. खाली वळलेल्या हँडलची शर्यतीची सायकल असेल तर मान खाली आणि नजर वर जाते. त्या स्थितीत पुढची कड समोरचे झाकते का आणि मागची कड मानेला किंवा पाठीवरच्या सॅकला लागते का ते बघा. चष्म्याच्या काड्या पट्ट्यांच्या वरून घालतात, म्हणजे चष्मा काढताना पट्टा ओढला जात नाही. शेवटी हेल्मेट घालून घरात वीस मिनिटे वावरा. चहा करा, पेपर वाचा. काढल्यावर कपाळावर हलकी रेघ उठते, ती चालते. एकाच जागी ठसठसणारा लाल ठिपका उठला तर आकार चुकलाय आणि परत करायची मुदत अजून संपलेली नाही.

केस, तेल आणि गजरा

अंबाडा हेल्मेटखाली मावत नाही. तो वर असला की हेल्मेट पुढे झुकते, मधे असला की वर उचलले जाते. वेणी घाला किंवा मानेवर सैल बांधा, पाळण्याच्या खाली येईल असे. काही हेल्मेटच्या पाळण्यात पोनीटेल बाहेर काढायला जागा असते. चाप, मोठ्या पिना, हेअरबँड काढून ठेवा. पडल्यावर त्या टाळूत घुसतात. सकाळी देवळात जाऊन तसेच सायकलवर निघणाऱ्या बायका-मुलींना गजरा पर्समध्ये ठेवायला सांगावे लागते, आणि हे सांगणे जरा जिवावर येते.

खोबरेल तेल लावून लगेच हेल्मेट घातले तर पॅड तेल पितात, निसरडे होतात आणि उन्हाळ्यात वास मारतात. तेल रात्री लावा. पूर्ण टक्कल असलेल्यांनी आत पातळ सुती टोपी घालावी, म्हणजे पॅड कातडीवरून घसरत नाहीत. क्रिकेटची टोपी मात्र आत नको. तिची झापड हेल्मेटला वर ढकलते आणि वरच्या बटणाचा नेम टाळूवर.

मुलांचे हेल्मेट

शाळेचा गणवेश दोन बोटे मोठा शिवायचा, हे आपल्या घराघरांतले शहाणपण. फोंड्याच्या दुकानातही आई म्हणते, “भाऊ, एक माप मोठंच द्या, दोन वर्षं चालेल.” दुकानदार जाणता असेल तर सांगतो, “ताई, चालेल हो, पण आज डोक्यावर राहणार नाही त्याचं काय?”

खरे तर मोठे घ्यायची गरजच नसते. मुलांची उंची वाढते तसे डोके वाढत नाही. पाच वर्षांच्या मुलाचे डोके साधारण ५० ते ५१ सेंटीमीटर असते आणि मोठ्या माणसाचे ५५ ते ५८ च्या आसपास. म्हणजे पुढच्या दहा-बारा वर्षांत पाच-सात सेंटीमीटर. आज नीट बसणाऱ्या आणि डायलला थोडी जागा राखून असलेल्या हेल्मेटमध्ये एक-दोन वर्षे सहज निघतात.

लहानांचे पट्टे मोठ्यांनी बसवावेत, पण बक्कल त्यांना स्वतः लावू द्या. गळ्याची कातडी बक्कलमध्ये एकदा चिमटली की मूल महिनाभर हेल्मेटला हात लावत नाही. लावताना आत स्वतःचे बोट ठेवायला शिकवा. डिझाइन मुलालाच निवडू द्या. गुलाबी हेल्मेटला नाक मुरडणाऱ्या काकांना घरी ठेवा. वर्षाखालच्या बाळाला सायकलच्या सीटवर बसवू नये. त्याची मान हेल्मेटचे वजन पेलत नाही. थोड्या मोठ्या मुलाला मागच्या उंच पाठीच्या सीटवर बसवत असाल तर त्याचे हेल्मेट मागे टेकून पुढे डोळ्यांवर येते का ते बघा. मागची बाजू चपटी असलेली हेल्मेट यासाठीच मिळतात.

आणि एक गोष्ट जी गोव्यात विशेष सांगायला हवी. सायकलवरून उतरले की मुलांचे हेल्मेट आधी काढा. मे महिन्यात भाटात, म्हणजे बागायतीत शिरलेले पोर सायकल टाकून तसेच काजूवर किंवा चिकूवर चढते. फांदीच्या बेचक्यात हेल्मेट अडकले आणि पाय निसटला तर तोच पट्टा गळफास होतो. झोपाळा, घसरगुंडी यांवरही हाच धोका. युरोपात यासाठी लहान मुलांच्या हेल्मेटचे ईएन १०८० हे वेगळे मानक आहे. त्यातली बक्कल जास्त ताण आला की आपोआप सुटते.

पावसाळा, घाम आणि तांबडी धूळ

जूनपासून चवथीपर्यंत हेल्मेट क्वचितच कोरडे असते. ओला नायलॉनचा पट्टा क्लिपमधून सरकतो. पावसाळ्यात म्हणूनच दर आठवड्याला जांभईची आणि पुढच्या धक्क्याची चाचणी करा. रेनकोटची टोपी हेल्मेटखाली घातली की सगळे माप बदलते, आणि वरून घातली की मागे वळून बघताना टोपीच दिसते. मला हेल्मेटवर चढवायचे पातळ जलरोधक आवरण बरे वाटते. नाहीतर डोके भिजू द्यावे. गोव्याच्या पावसात कोण कोरडे राहिले आहे?

घरी आल्यावर पॅड काढून पंख्याखाली वाळवा. न वाळवता कपाटात ठेवलेल्या पॅडवर आठवड्यात बुरशी येते. साबणाचे कोमट पाणी आणि हलका हात पुरे. पॅड वेलक्रोवर परत लावताना जागा चुकली की काल बसणारे हेल्मेट आज टोचते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पेट्रोल, थिनर, ब्लीच यांनी कवच पुसू नका आणि त्यावर ऑइलपेंटने नाव रंगवू नका. डीट असलेले डासांचे मलम काही प्लास्टिक खराब करते, तेव्हा दिवाडीला संध्याकाळी निघताना ते हाता-पायांना लावून, हात धुऊन मगच हेल्मेट धरा.

डिचोली-साखळीकडच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ आणि किनाऱ्याची वाळू बक्कलमध्ये जाऊन बसते. बक्कल लागताना स्पष्ट ‘टक’ ऐकू आले पाहिजे. नाही आले तर साध्या पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा. तेल घालू नका, धूळ आणखी चिकटते. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली हेल्मेट ठेवू नका. तिथल्या उष्णतेने कवच आणि फोम यांच्यातला गोंद सुटतो आणि कवचाला फुगवटे येतात.

भाड्याची सायकल

चोडण-दिवाडीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याच्या सायकलीबरोबर हेल्मेटही मिळते. ते आधी कुणाच्या तरी मापाने आवळलेले असते, म्हणून डायल पूर्ण सोडून सुरुवात करा. सपाट, दोन बोटे, डायल, क्लिप, हनुवटी: एवढे पाच मिनिटांत होते. आतल्या फोमला तडा दिसला किंवा बक्कल ओढल्यावर सुटली तर दुसरे मागा. मालक कुरकुरला तरी मागा.

बदलायचे कधी

आपटलेले हेल्मेट बदलायचे, वरून धडधाकट दिसले तरी. ईपीएस एकदा चिरडला की परत फुगत नाही. दुसऱ्यांदा त्याच जागी मार बसला तर तिथे दगडाइतके कठीण काही तरी असते. टेबलावरून हातभर खाली पडलेल्या रिकाम्या हेल्मेटचे एवढे काही होत नाही, पण पॅड काढून उजेडात तडे बघून घ्या आणि कडा बोटांनी किंचित दाबा. कुरकुर आवाज आला तर आत चीर आहे.

न पडताही ते म्हातारे होते. कंपन्या साधारण तीन ते पाच वर्षांत बदला म्हणतात, अमेरिकेचा सीपीएससी आयोग पाच ते दहा वर्षे म्हणतो. आपल्या घामाचा, पावसाचा आणि उन्हाचा हिशेब धरता रोज चालवणाऱ्याने पाचाच्या जवळ राहावे, असे माझे मत. बनवल्याची तारीख आतल्या स्टिकरवर असते. पट्टे विरले, पाळण्याचे प्लास्टिक ठिसूळ झाले किंवा डायल आवळूनही मागे घसरू लागली तर तारीख न बघता बदला.

जुने हेल्मेट माळ्यावर ठेवू नका, आणि ‘चांगले आहे, कुणाला तरी होईल’ म्हणून देऊही नका. पट्टे कात्रीने कापा, कवचावर मार्करने फुली मारा आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या. पट्टे शाबूत राहिले तर कचऱ्यातून ते कुणाच्या तरी डोक्यावर जाते.